काउबॉय टाउनमधला देव

मे महिना लागला की माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट अजून आपोआप वाकतं. डॉक्टर त्याला संधिवात म्हणतात. म्हणोत बापडे. मला माहीत आहे ते काय आहे. नाशिक शहराबाहेर महामार्गाला लागून एक करमणूक पार्क होतं. तिथे मी कितीतरी उन्हाळे शेरीफ होतो, आणि दिवसातून अनेकदा माणसं मारत होतो. आता सुट्टी लागली की गल्लीतली पोरं टिकल्यांच्या बंदुका उडवतात, जळक्या टिकल्यांचा वास खिडकीतून आत येतो आणि हातातला पेपर मला खाली ठेवावा लागतो. आतून बायको विचारते, "शेरीफसाहेब, चहा टाकू का?" ती हायस्कुलात शिक्षिका होती. माझ्या त्या नोकरीची थट्टा करायचा तिला पूर्ण अधिकार आहे, कारण तेव्हा घर तिच्याच जिवावर चाललं होतं.

सातपूरचा आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मला येत होतं काय, तर हौशी नाटकांत मोठ्याने बोलणं. त्याच सुमाराला पार्कचे शेठ अमेरिकेला जाऊन आले. येताना डोक्यावर एक हॅट आणि डोक्यात एक अख्खं गाव घेऊन आले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लोकांच्या हातात थोडा पैसा येऊ लागला होता आणि तो उडवायला जागा नव्हत्या. शेठनी पार्कच्या मागच्या अंगाला काउबॉय टाउन उभं केलं. बँक, तुरुंग, शेरीफचं ऑफिस, पाण्याची लाकडी टाकी. सगळं समोरून, मागे काहीच नाही. मागे बांबूचे टेकू, विड्यांची थोटकं आणि आमचे वाळत घातलेले बनियन. निवडुंग मात्र खरे होते, ते आमच्या डोंगरांवर फुकट मिळतात. दारूच्या खोट्या गुत्त्यावरची 'सलून' ही पाटी वाचून निफाडकडचे एक आजोबा दाढी करायला आत शिरले होते. त्यांना लिंबू सरबत पाजून बाहेर आणावं लागलं.

खेळ साधा होता. डाकू बँक लुटणार, मी येणार. मग रेड इंडियन आरोळ्या ठोकत येणार आणि मी त्यांनाही उडवणार. इतका उद्योगी शेरीफ अमेरिकेतसुद्धा झाला नसेल.

हे रेड इंडियन ठेकेदाराने हरसूलच्या आठवडे बाजारातून गोळा करून आणले होते. डोंगरातली माणसं. उन्हाळ्यात तिकडे काम नसतं, भाताची आवणी, म्हणजे लावणी, पावसावर. त्यांना कोंबड्याची पिसं रंगवून डोक्याला बांधली, गालांवर पट्टे ओढले आणि उभं केलं. त्यात काशिनाथ होता. सडपातळ, काटक, हसला की हिरड्या दिसायच्या. टाकीवरून गवताच्या गंजीवर तो असा कोसळायचा की बायका खरोखर किंचाळायच्या. पहिल्याच आठवड्यात, तोंडावरचा रंग पुसता पुसता त्याने मला विचारलं, "भाऊ, मी कशापायी मरतो?"

मी त्याला सांगितलं ते असं : ही माणसं तिथली मूळची, रानातली. मग बाहेरून बंदुका घेऊन लोक आले, जमिनी घेतल्या, हे आडवे आले, म्हणून मेले. काशिनाथने गालावरचा उरलेला पट्टा पुसला. मग म्हणाला, "मंग गोळी तुम्ही मारता ते बरोबर हाय." त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तो नुसता सोंगांची वाटणी तपासून पाहत होता.

त्याला ती नोकरी किती हवी होती हे मला लवकरच कळलं. त्याआधी दिवाळी झाली की तो बायको-पोरीला घेऊन गाव सोडायचा. कधी द्राक्षबागा, कधी वीटभट्टी. होळीला परत. पोरीचं, हिराचं, नाव शाळेत असायचं आणि हिरा भट्टीवर. काउबॉय टाउन चालू लागलं तसं शेठनी काशिनाथला बारमाही ठेवून घेतलं. उन्हाळ्यात मरायचं, एरवी बागेला पाणी घालायचं. टाकीमागे पत्र्याची एक खोली दिली. रस्त्यापलीकडच्या शाळेत हिराचं नाव पडलं आणि ती तिथे एक अख्खं वर्ष बसली. मग दुसरं. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. काशिनाथ म्हणायचा, "मी मरतो तवर पोरगी शिकते, भाऊ." आणि टाकीवर चढायचा. मला ते वाक्य तेव्हा गमतीचं वाटायचं, आता त्यातलं एक अक्षरही गमतीचं वाटत नाही.

हिरा संध्याकाळी तुरुंगात बसून अभ्यास करायची, कारण तिथला दिवा चांगला होता. गजाआड बसून मोठ्याने पाढे म्हणणारी ती मुलगी पाहून पब्लिकला तोही खेळाचा भाग वाटायचा. लोक टाळ्या वाजवायचे. ती मान वर करायची नाही.

आठवणींना क्रम नसतो म्हणतात, पण त्या गावाच्या उतरणीला होता. घरोघरी केबल आली, तिच्यावर याहून बऱ्या मारामाऱ्या दिसायला लागल्या. लोक आमच्याकडे पाठ करून आइस्क्रीम खायचे. शेठनी हॅटा काढून आम्हाला फेटे बांधले आणि काउबॉय टाउनची रातोरात चंबळ घाटी झाली. बंदुका त्याच, बँकेचा सावकारवाडा झाला, घोडा तोच आणि तितकाच कंटाळलेला. काशिनाथ आता गावकरी म्हणून मरायचा. मग दोन हजार साल उलटलं, लोडशेडिंग सुरू झालं. भर खेळात स्पीकर बंद पडायचा आणि माझी गर्जना मलाच ऐकू यायची. टाकीवर चढलं की लांब एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसायच्या. काशिनाथ वरून ओरडून सांगायचा, "भाऊ, तिथं तं चालू हाय!" मग स्वतःच्या तोंडाने बंदुकीचा आवाज काढून खाली पडायचा.

पण माझं बोट वाकतं ते या सगळ्यासाठी नाही. ते एका उन्हाळ्यासाठी.

त्या वर्षी शेठनी पार्क मुलाच्या हाती दिलं आणि मुलाने एक तरुण मॅनेजर आणला. पोरगा वाईट नव्हता. सगळ्यांना 'सर' म्हणायचा, मलाही. त्याला कळलं होतं की शहरातल्या लोकांना आता गाव बघायला आवडतं. म्हणून चंबळ घाटी पुसून तिथे 'आदिवासी पाडा' झाला. बँकेच्या प्लायवूडला शेण फासलं. तुरुंगाला कुडाची भिंत आली. सलूनमध्ये नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मला झाडाखाली माइक घेऊन माहिती सांगायला बसवलं. आणि मॅनेजर काशिनाथला म्हणाला, "तू तर ओरिजिनल आहेस. तुला ॲक्टिंगपण करायची गरज नाही. तुमच्याकडचा तो मुखवट्यांचा डान्स बसव."

हरसूलकडच्या गावांत उन्हाळ्यात बोहाडा असतो. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात. एकेक सोंग एकेका घराकडे, बापाकडून मुलाकडे आलेलं. काशिनाथच्या घराकडे वेताळ होता. सोंग घ्यायच्या आधी नारळ फोडायचा, पाया पडायचं, आणि एकदा मुखवटा चढला की आत काशिनाथ नसतो. हे त्याने मॅनेजरला सांगायचा प्रयत्न केला. मॅनेजरने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ठीक आहे, नको आणू. पण मग तुझं इथे काम काय राहिलं, तूच सांग."

हिरा तेव्हा सातवीची परीक्षा देऊन बसली होती. आठवीचे प्रवेश जूनमध्ये होते. 

दोन दिवसांनी काशिनाथने तोड काढली. कुठल्याच देवाचा नाही असा मुखवटा करायचा. जुने पेपर आणि फाटकी तिकिटं भिजवली, कुटली, त्यात चिंचोक्यांची खळ आणि मेथीचं पीठ घातलं, मडक्यावर थापून वाळवलं. माझ्या शेरीफ ऑफिसच्या पाटीचा उरलेला लाल आणि पिवळा रंग दिला. मोठे डोळे, रुंद तोंड, कपाळ थोडं आठ्यांचं. मी विचारलं, "हा कोण रे?" काशिनाथ खूश होता. "कोणच नाय, भाऊ. याला नावच नाय दिलं. मंग कुणाचा कोप नाय."

इतकी हुशारीची तोड मी मोठमोठ्या लोकांना काढताना पाहिली नाही. आणि ती त्याने स्वतःच एका सकाळी मोडली.

पाड्याचा पहिला दिवस. ऊन अजून कोवळं होतं. मी कुडाच्या भिंतीमागे गेलो तर काशिनाथ मुखवट्यासमोर उकिडवा बसलेला. पुढ्यात फुटलेला नारळ, मुखवट्याच्या कपाळावर ओला कुंकवाचा टिळा. त्याचा चेहरा असा पडलेला की मला वाटलं गावाकडून काही वाईट निरोप आला.

"काय झालं?"

"चूक झाली, भाऊ."

"कसली?"

"नारळ फोडला." मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "मनात काय नव्हतं. मुखवटा चढवायचा म्हनून हात लावला, आन् हातांनी केलं. बा करायचा तसं झालं."

"मग बिघडलं कुठे? बरंच झालं की, शुभ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी कीव आलेली दिसली. "भाऊ, आता तो हाय," तो म्हणाला.

काल कुणीच नव्हता, आज होता. त्या एका शब्दावर तो सगळा उन्हाळा उभा राहिला. जो आहे तो खुंटीला लटकवता येत नाही. त्याला खाली ठेवता येत नाही. त्याच्यासमोर चपला घालता येत नाहीत, म्हणून काशिनाथ मेच्या दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचला. त्याला रोज दिवा लागतो. आणि त्याला दिवसातून पाच खेळ करायला लावता येत नाहीत, पण तेच तर काम होतं. काशिनाथ खरंच सुंदर नाचायचा. संबळ सुरू झाला की समोरची खाणारी तोंडं थांबायची. मी माइकवरून 'बघा मंडळी, आपली प्राचीन कला' वगैरे बरळत असायचो आणि मला भिंतीमागून, खेळ संपल्यावर, त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं. तो माफी मागत असायचा. प्रत्येक खेळानंतर, नव्याने.

मग मॅनेजरला फोटोची कल्पना सुचली. खेळानंतर पब्लिकने मुखवटा घालून फोटो काढायचा. रांग लागली. तरुण पोरं मुखवटा घालून एकमेकांना घाबरवायची, कुणी त्यावर गॉगल चढवायचं. काशिनाथला शेजारी भाला घेऊन उभं राहायचं काम होतं. एका लहान मुलाने कुल्फी खाता खाताच तो तोंडाला लावला. काढला तेव्हा मुखवट्याचे ओठ पांढरे झाले होते, रंग सुटला होता. मुलाची आई म्हणाली, "असू दे हो, कागदाचाच आहे." काशिनाथने डोक्याचं फडकं सोडलं आणि सगळ्यांसमोर ते ओठ हळूहळू पुसले, तापातल्या पोराचं तोंड पुसावं तसे.

मी मॅनेजरकडे गेलो. हात जोडले. नाटकात जोडतो तसे नाही, खरे जोडले. "निदान फोटो तरी बंद कर."

"सर, तुम्ही तरी समजून घ्या. प्रॉप आहे तो. आणि मला वर उत्तर द्यावं लागतं."

मी काशिनाथला म्हणालो, "दे, मी घालतो, मी नाचतो, मला काही होत नाही." तो हसला. "तुम्ही घातला तं नुसता कागदच राहील. पब्लिकला कळंल." मग चिडून मी म्हणालो, "तर मग सोड ना ही नोकरी!" तेव्हा त्याने पत्र्याच्या खोलीकडे मान वळवली. दारात हिरा बसून पुढच्या वर्षीच्या जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत होती. "जून लागू द्या," तो म्हणाला. "पोरीचं नाव आठवीत पडू द्या. मंग तो मला काय करायचं ते करू दे."

मी देव मानणारा माणूस नाही. पण त्या मे महिन्यात मी रोज सकाळी पार्कच्या गेटातून आत शिरताना मनात म्हणायचो, बाबा रे, जो कोण तू आहेस, जूनपर्यंत याच्याकडे दुर्लक्ष कर. काशिनाथ खंगत चालला होता. दिवसभर जेवायचा नाही, कारण सोंग असलेल्या दिवशी जेवत नाहीत, आणि त्याला रोजच सोंग होतं. त्याची बायको त्याच्या पुढ्यात ताट ठेवून उठायची आणि तसंच उचलायची. टाकीवरून हजारदा खोटा मेलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर खराच झिजत होता, आणि मी माइकवर बोलत होतो.

तरी पाडा चालला नाहीच. लोकांना भाकरी आवडली, ऊन आवडलं नाही. मेच्या शेवटी मालकांनी ठरवलं, तिथे आता पाण्याची घसरगुंडी आणि रेन डान्स. काशिनाथला वाटलं, सुटलो. मॅनेजर त्याला म्हणालाही, "तुला काढत नाही मी. पंपावर काम कर." त्या दिवशी काशिनाथ जेवला. पोटभर. मी पाहिलं.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही कामावर आलो, तर कुडाच्या भिंतीमागचा मुखवटा रात्रीतून रेन डान्सच्या नव्या कमानीवर बसवलेला. वॉटरप्रूफ वॉर्निश मारलेलं, कपाळात टिळ्याच्या जागी बोल्ट, आणि तोंडातून निळा पाइप काढलेला, पब्लिकवर पाणी उडवायला.

काशिनाथने पाना मागितला नाही, स्टूल मागितलं नाही. खांबावर सरळ चढला, टाकीवर चढायचा तसा. बोल्ट हातानेच पिळत राहिला. बोटांतून रक्त आलं. खालून मॅनेजर ओरडत होता, "अरे, दुसरा बनव ना! तुला येतो की! काशिनाथ, तो काढलास तर परत येऊ नकोस, सांगून ठेवतो!" त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. काशिनाथ उतरला तेव्हा मुखवटा त्याच्या छातीशी होता आणि कपाळाला भोक होतं.

मी त्यांना गेटवर गाठलं. बायकोच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, काशिनाथच्या हातात घोंगडीत गुंडाळलेला तो. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मी जवळजवळ ओरडलोच, "कागदाचा आहे रे तो! तूच केलास! माझ्यासमोर केलास!"

"मीच केला, भाऊ," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी केला असता तं टाकून गेलो नसतो का?"

हिरा रस्त्यापलीकडे बघत होती. शाळेच्या फाटकाला नवा रंग देत होते. एसटी आली, त्यांना घेऊन गेली. मला काशिनाथचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्याचा आला, मॅनेजरचा आला, अमेरिकेला जाऊन आलेल्या शेठचा आला. समोरून रंगवलेल्या आणि मागे टेकू दिलेल्या त्या गावात इतक्या वर्षांत एकच खरी वस्तू तयार झाली होती, आणि तीच आम्हाला कुणाला झेपली नाही.

पुढे रेन डान्सही बंद पडला. आता तिथे रो-हाऊसेस आहेत, ओळीने, एकसारखी. त्यांना मागेही भिंती आहेत, हे मी मुद्दाम जाऊन पाहून आलो.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी हरसूलच्या पलीकडे काशिनाथच्या पाड्यावर गेलो. बायकोने सगळं ठरवलं होतं. हिराने आमच्या घरी राहायचं, बायकोच्याच हायस्कुलात जायचं, उशिरा का होईना प्रवेश मिळेल असं तिने मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलं होतं. आमच्या घरात मूलबाळ नाही, एक खोली नुसती पडून होती. एसटीतून उतरून चालताना मी हिराशी काय बोलायचं ते घोकत होतो. नाचणी कापून झाली होती, खाचरं कोरडी होती. पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या सोडून कुणी दिसेना.

दार हिराने उघडलं. एका पावसाळ्यात केवढी वाढली होती. आई-बाप द्राक्षबागेत गेले होते, होळीला येणार होते.

"आणि तू नाही गेलीस?" मी विचारलं. मला बरंच वाटलं, भट्टीवर किंवा बागेत नाही म्हणजे सोपं झालं.

"याच्याजवळ कोण राहील, काका?"

आत कोनाड्यात तो होता. गावाने त्याला बोहाड्याच्या सोंगांत घेतलं नव्हतं, कारण त्याला नाव नव्हतं. हिडीसफिडीसही केलं नव्हतं. तुझा आहे, तू सांभाळ, इतकंच म्हणाले. कपाळाचं भोक शेंदराने बुजवलं होतं. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतची, पुढचं शिकायचं तर आश्रमशाळेत राहायला जावं लागतं. आणि दिवा रोज लागतो.

मी घोकलेलं सगळं बोललो. खोलीचं, शाळेचं, तिथे शिकवणाऱ्या माझ्या बायकोचं. ती नीट ऐकत होती. तिला जायचं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मी घाईघाईने म्हणालो, "यालाही घेऊन चल. आमच्याकडे जागा आहे. मी स्वतः दिवा लावीन."

ती कोनाड्याकडे वळून बघत राहिली. मग तिने मान हलवली.

"त्याला तिकडं नको, काका. तिकडं त्याचे लय हाल झाले."

"मग तू तरी चल."

 बाहेर ऊन उतरत होतं. तिने खुंटीवरचं शाळेचं दप्तर काढलं, त्यातून तेलाची बाटली आणि काडेपेटी घेतली, आणि दिवा लावायला बसली.